मरून शर्टावरचा पांढरा टाय : अथणीकरांना उत्तर

अथणीकर, नमस्कार.

'शर्ट रंगीत असेल तर टाय कुठला?' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं. कारण निम्मं तुमचं बरोबर आहे, आणि ते मान्य करायला मला चार दिवस लागले.

इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. एक, टाय हा इंग्रजांनी घातलेला फास, आपल्याकडं फेटा आहे. दोन, आमच्या अथणीच्या उन्हात गळा आवळून कोण बसणार, हे नियम पुण्या-मुंबईचे. तीन, 'टाय शर्टापेक्षा नेहमी गडदच हवा' असं मी छातीठोकपणे लिहिलं, पण तुम्ही मित्राच्या रिसेप्शनला मरून शर्टावर पांढरा टाय लावलात आणि सगळे छान म्हणाले. चार, टाय-रुमालाचे तयार बॉक्स-सेट घेऊ नका असं लिहून मी दुकानदारांच्या पोटावर पाय आणला. आणि एवढं सुनावून झाल्यावर शेवटची ओळ : 'पुढच्या महिन्यात बहिणीचं लग्न आहे, सूट नेव्ही ब्लू, शर्ट फिका गुलाबी. आता सांगा.' सांगतो की. पण आधी भांडण मिटवू.

तिसऱ्या मुद्द्यापासून घेतो, कारण माझी चूक तिथंच आहे. 'नेहमी' हा शब्द मी लिहायला नको होता. आमच्या वडिलांचं बेळगावच्या शहापुरात शिवणाचं दुकान होतं. पुढं पँट-कोट, मागच्या खोलीत आत्या ब्लाऊज शिवायची. रंग मी तिच्याकडून शिकलो, सुटाच्या कापडावरून नाही. तिच्याकडं बाया इरकल घेऊन यायच्या. काळी चंद्रकळा आणि तिला लाल काठ, लाल पदर, त्यावर पांढरी नक्षी. आता बघा, तिथं काठ अंगापेक्षा गडद कुठं आहे? उलट उजळ आहे. आणि तरी त्या लुगड्याला कुणी नाव ठेवलेलं मी ऐकलं नाही. म्हणजे काठ गडद हवा असा नियम नाहीच. काठ अंगापासून सुटा दिसला पाहिजे, आणि तरी त्याच लुगड्याचा वाटला पाहिजे. टायचं तेच. शर्ट हे अंग, टाय हा काठ.

मग मी 'गडद' का लिहिलं? कारण आपल्याकडं सुटाखाली जे रंगीत शर्ट घातले जातात ते बहुतेक फिके असतात : आकाशी, मोतिया, फिका गुलाबी, लव्हेंडर. फिक्यावर सुटं दिसायचं तर गडदच लागतं. आकाशीवर नेव्ही, आमसुली, बाटली-हिरवा. मोतियावर चॉकलेटी किंवा गर्द हिरवा. लव्हेंडरवर वांगी रंग किंवा नेव्ही, आणि सूट शक्यतो गडद राखाडी. इथवर माझा नियम चालतो. तुम्ही थेट मरून शर्ट काढलात आणि नियम कोलमडला.

पण पांढरा टाय मला अजूनही पटलेला नाही, आणि त्याचं कारण आवडनिवडीचं नाही. डोळा चित्रात आधी तिथं जातो जिथं गडद आणि उजळ सर्वांत जोरात आदळतात. मरूनवर पांढरा म्हणजे तुमच्या छातीवर उभी ट्यूबलाइट. फोटो पुन्हा उघडा आणि बघा, आधी काय दिसतं? टाय. मग बकल. मग वर जाऊन तुम्ही. पांढऱ्या शर्टावर काळा टाय लावला तरी आदळणं तेवढंच असतं, हे मान्य. पण तिथं डोळ्याला त्याची सवय आहे, आणि पांढरा शर्ट चेहऱ्याखाली उजेड टाकतो. मरून शर्ट टाकत नाही. सगळे छान म्हणाले हा पुरावा मी धरत नाही. रिसेप्शनच्या स्टेजवर आजवर कुणाला 'बरं दिसत नाही' असं कुणी म्हटलंय?

गडद शर्टावर टाय लावायचाच असेल तर त्याच घराण्यातला घ्या. मरूनवर आणखी खोल आमसुली, वीण वेगळी. रंग जवळचे, पोत लांबचे. नाहीतर टाय सोडूनच द्या, वरचं बटण उघडं ठेवा, ते जास्त बरं दिसतं.

शंका आली तर एक सोपी परीक्षा आहे. शर्टावर टाय ठेवा, मोबाईलवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. दोन्ही एकाच राखाडीत बुडाले तर रंग कितीही वेगळे असोत, लांबून टाय दिसणारच नाही. शर्ट, टाय आणि सूट असे तीन राखाडी वेगवेगळे दिसले तर बाहेर पडा.

ही परीक्षा आत्याला मोबाईलशिवाय यायची. डोळे बारीक करून बघायची, बस्स. आणि मॅचिंग सेंटरात गेली की कापड घेऊन थेट दुकानाच्या पायरीवर यायची. लहानपणी गणपत गल्लीत तिच्याबरोबर जायची मला लाज वाटायची, कारण दुकानदार आतून बघत राहायचा. एकदा मी आतच काहीतरी पसंत केलं तर म्हणाली, "उजेडात बघ की रे, ट्यूबखाली काय बघूलालास?" त्यात शास्त्र आहे. दोन कापडांना वेगवेगळे रंग चढवलेले असतात. एका दिव्याखाली ते तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्याखाली फाटतात. गुलाबी, जांभळा आणि नेव्ही यांत हे हमखास होतं. नेव्ही म्हणून घेतलेला टाय बाहेर आल्यावर जांभळा निघतो.

आता बॉक्स-सेट. शर्टाच्याच रंगाचा टाय, त्याच कापडाचा खिशातला रुमाल, वर कफलिंक, प्लास्टिकच्या झाकणाखाली. माझा त्यावरचा राग जुना आहे. माझ्या स्वतःच्या रिसेप्शनला मी चकचकीत सॅटिनचा राणी रंगाचा सेट लावला होता. दुकानाचं नाव घेत नाही, चूक माझीच. व्हिडिओवाल्याचा दिवा पडला की टायच्या मध्यावर पांढरा पट्टा उमटायचा. अख्ख्या अल्बमात तो पट्टा आहे, बायकोच्या शालूपेक्षा जास्त ठळक. रंगापेक्षा चकाकी फसवते, हे तेव्हा कळलं. टाय विणीचा, जरा मंद घ्या. रुमाल टायच्याच कापडाचा नको. पांढरा सुती चालतो, दोन रुमालांच्या पाकिटातला. दुकानदाराचं म्हणाल तर त्याच्याकडं सुटे टायही असतात, खालच्या खणात. मागा, काढून देतो.

काढून दिला की रंग बघायच्या आधी एक करा. टाय बारीक टोकाच्या बाजूनं धरून लोंबकळू द्या. स्वतःभोवती पिळत राहिला तर परत ठेवा. चांगल्या टायचं कापड उरेब, म्हणजे धाग्याला ४५ अंशांत, तिरकं कापलेलं असतं, म्हणून गाठ मारल्यावर ते ताणतं आणि सोडल्यावर जागेवर येतं. असा तिरका कापून तीन तुकड्यांत शिवायची पद्धत न्यू यॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ यानं १९२० च्या दशकात आणली, आणि आपण जो टाय ओळखतो तो तिथून पुढचा. वडील टाय शिवत नसत, पण कोटाच्या गिऱ्हाइकाचा टाय असा लोंबकळवून बघायचे आणि काही न बोलता परत द्यायचे. गिऱ्हाइकाला कळायचं नाही. मला कळायचं.

इंग्रजांच्या फासाचं सांगायचं तर फास म्हणा, पण इंग्रजांचा म्हणू नका. सतराव्या शतकात फ्रान्सच्या चाकरीतले क्रोएशियन सैनिक गळ्यात कापड गुंडाळत, तिथून ते पॅरिसमध्ये रूढ झालं. 'क्रावात' हा शब्दच क्रोएटवरून आला. म्हणजे मूळ शिपायाचं गळपट्टं. फेटा बांधणाऱ्यांनी त्याला परकं मानावं असं मला वाटत नाही.

शिपायावरून आठवलं. तिरक्या पट्ट्यांचा टाय घेताना बेळगावात जरा जपून. ब्रिटनमध्ये असे पट्टे पलटणीचे, कॉलेजांचे, क्लबांचे ठरलेले असतात, आणि भारतीय लष्करातही रेजिमेंटचे टाय आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या गावात, आणि खानापूर-चंदगडाकडं घरटी एक माजी सैनिक. लग्नात एखादे सुभेदार काका जवळ येऊन "कुठल्या पलटणीचे तुम्ही?" असं विचारतील तेव्हा 'मॉलमध्ये मिळाला' हे उत्तर देताना बरं वाटत नाही. अमेरिकेत ब्रूक्स ब्रदर्स या कपड्यांच्या कंपनीनं याच कारणासाठी पट्टे उलट्या बाजूनं फिरवले, असं म्हणतात. आपण साधा किंवा बारीक ठिपक्यांचा घ्यावा, प्रश्नच मिटला.

ऊन. इथं मी अर्धा हरतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण २५०० फुटांवर, इथं डिसेंबरात टाय तर सोडाच, वर स्वेटर लागतो. पण अथणीच्या एप्रिलात दुपारच्या मुहूर्ताला टाय लावा असं सांगणारा मी कोण? नका लावू. संध्याकाळच्या रिसेप्शनला लावा. (आणि अथणीची चपल कितीही देखणी असली तरी सुटाखाली नको. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय म्हणून सगळीकडं चालते असं नाही.)

आता तुमचं लग्न. नेव्ही सूट आणि फिका गुलाबी शर्ट ही निवड उत्तम आहे, कुणी सुचवली माहीत नाही, पण त्या माणसाला विचारूनच टाय घ्या. माझं मत विचाराल तर नेव्हीच, सुटापेक्षा एक पायरी उजळ किंवा गर्द, साधा, विणीचा. दुसरी निवड आमसुली. गुलाबीवर गुलाबी नको, राणी तर मुळीच नको. तुम्ही नवरीचे भाऊ. फोटोत तुमच्या शेजारी तिचा शालू असणार, आणि तो बहुधा लाल, हिरवा नाहीतर राणी. त्याच्याशी टायनं स्पर्धा करू नये.

साधा सांगण्याचं खरं कारण मात्र फेटा. तुम्हीच काढलात तो. आपल्याकडं दारातच फेटेवाला उभा असतो, आणि घरच्यांच्या डोक्यावर कुठला रंग येणार हे आदल्या रात्रीपर्यंत ठरत नाही. भगवा, गुलाबी, नाहीतर सात रंगांचा लहरिया. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही नियमात हे बसत नाही, तिथं तुमचं बरोबर. डोक्यावर एवढं चाललेलं असताना गळ्यात नक्षी नको. नेव्ही टाय यातल्या कुठल्याही फेट्याखाली गप्प बसतो.

रुंदी कोटाच्या लेपलला, म्हणजे छातीवर दुमडलेल्या पट्टीला धरून, दोन्ही साधारण सारखी रुंद दिसावीत. टोक बकलवर टेकावं. पोट असेल तर आरशात समोरून नाही, बाजूनं बघा. गाठ साधी, चार वळणांची, जराशी एका अंगाला कललेली. ज्याच्या नावानं जाडजूड विंडसर गाठ ओळखली जाते तो इंग्लंडचा माजी राजा ड्यूक ऑफ विंडसरसुद्धा ती बांधत नसे, साधीच बांधायचा, फक्त त्याच्या टायचं अस्तर जाड असायचं.

आणि टाय फेट्याच्या आधी बांधा. मेव्हण्याकडून आयती गाठ मारून घेऊन डोक्यावरून सरकवायची सवय असेल तर त्या दिवशी फसाल. माझ्या चुलतभावाचं तेच झालं होतं. फेटा बांधून झाला आणि टाय हातात. शेवटी कात्री मागवली, पण ती टायसाठी की फेट्यासाठी यावर वाद झाला, आणि स्वारी टायशिवायच स्टेजवर गेली.