नीसच्या ताटात लोणी कुठे?

‘फ्रेंच स्वयंपाक म्हणजे लोणी आणि साय’ हे फ्रेंच खाद्यपदार्थांवरील लेखातील विधान उत्तर फ्रान्समधील नॉर्मंडीपुरते खरे असले, तरी त्याच ओघात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस शहराचे नाव आलेले पाहून ते खटकले. हे शहर १८६० पर्यंत सार्डिनियाच्या इटालियन राज्यात होते आणि तेथील स्वयंपाकाचा ओढा आजही पॅरिसपेक्षा इटलीतील जेनोवाकडे अधिक असल्यामुळे लोण्याची जागा ऑलिव्हच्या तेलाने घेतलेली दिसते.

जुन्या नीसच्या अरुंद गल्लीत आम्ही ‘सोका’ खाल्ला. चण्याच्या पिठात पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल घालून केलेले पातळ पीठ तांब्याच्या भल्यामोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात आणि कडा करपू लागल्या की उलथन्याने खरवडून, वर मिरपूड भुरभुरून गरमागरम हाती देतात. पहिल्याच घासाला सासूबाई म्हणाल्या, “अगं, हे तर आपलं बेसनाचं धिरडं, फक्त हिरवी मिरची विसरलेत!” भाज्या शिजवून केलेली रातातुईही याच शहराची. मात्र शिजवलेल्या कांद्याचा थर असलेली, पिझ्झासारखी ‘पिसालादिएर’ घेताना शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावे, कारण तिच्यात अँचोव्ही मासळी असते; आम्हाला ते दुसऱ्या घासाला कळले.