कांदा हुंगवण्याआधी घड्याळ पाहा

नागपुरातील सोसायट्यांच्या आणि कॉलेजांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणाऱ्या एका संदेशात सांगितले आहे की, मिरगीचा झटका आलेल्याच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरावी, हातात किल्ल्यांचा जुडगा द्यावा, दातांत चमचा घालावा, हातपाय दाबून धरावेत आणि लगेच पाणी पाजावे. ‘हमखास गुण येतो’ अशी हमीही खाली आहे. यातील एकही सल्ला पाळण्याजोगा नाही.

कांदा, चप्पल आणि किल्ली यांचा ‘गुण’ कसा येतो, हे आधी पाहू. मेंदूतील पेशींमध्ये अचानक उसळणाऱ्या विद्युत संदेशांमुळे झटका येतो आणि बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात; कांदा शोधून, फोडून नाकाशी नेईपर्यंत तेवढा वेळ जातोच आणि श्रेय कांद्याला मिळते. वास दिल्याने नुकसान काय, असे कोणी विचारील. नुकसान हे की, चप्पल धरणारा हात डोके सांभाळायला मोकळा राहत नाही.

चमच्याचा सल्ला मात्र सरळसरळ घातक आहे. जीभ गिळली जाईल ही भीती निराधार आहे, कारण जीभ गिळता येत नाही. ती चावली जाते हे खरे, पण ते बहुधा जबडा आवळला जातो त्या पहिल्या क्षणांतच घडून गेलेले असते. त्यानंतर घुसवलेल्या चमच्याने दात तुटतो, त्याचा तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि बोट घातले तर तेही चावले जाते. झटक्यांचा जोर ओसरताच रुग्णाला कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ व फेस बाहेर पडतो आणि जीभ मागे पडून श्वास अडत नाही.

हातपाय दाबल्याने मेंदूतील खळबळ थांबत नाही, खांदा मात्र निखळू शकतो. पाण्याविषयी एवढेच पुरे की, पूर्ण शुद्ध येण्यापूर्वी पाजलेला घोट फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो.

खरा दोष संदेशाने जे सांगितलेच नाही त्यात आहे. झटका सुरू होताच घड्याळ पाहावे, आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, चष्मा काढावा, गळ्याशी आवळलेले बटण सोडावे आणि डोक्याखाली घडी केलेला दुपट्टा द्यावा. नागपुरात उन्हाळ्यात तो बहुतेकांच्या गळ्यात असतोच. रुग्णाला उगाच हलवू नये, पण मे महिन्यातील दुपारी तापलेल्या डांबरावर तो पडला असेल, तर चटका हाही धोकाच समजून त्याला सावलीत घ्यावे. झटका पाच मिनिटांहून लांबला, शुद्ध येण्याआधी दुसरा आला, तो आयुष्यातील पहिलाच असला, श्वास नीट सुरू झाला नाही, पाण्यात असताना आला किंवा रुग्ण गर्भवती असली, तर 108 क्रमांकावर फोन करावा.

प्रत्येक झटक्यात माणूस कोसळतोच असेही नाही. कोणी टक लावून पाहत राहतो, ओठ चाटतो, भलतीकडे चालू लागतो. अशा वेळी त्याला धरून न ठेवता रस्त्यापासून किंवा जिन्यापासून हळूच दूर न्यावे.

मिरगी असलेल्याने वसतिगृहातील सोबत्यांना ही माहिती आधीच द्यावी: नेहमीचा झटका कसा असतो, किती वेळ टिकतो, औषध कोणते, फोन कोणाला करायचा. डॉक्टरांनी मिडाझोलाम या झटका थांबवणाऱ्या औषधाचा, नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला असेल, तर तो कपाटात कुठे ठेवला आहे आणि कितव्या मिनिटाला वापरायचा, हे खोलीतील प्रत्येकाला ठाऊक असावे.