माझ्या आईचं गंठण हरवलेलं नव्हतं

दुपारपासून डोकं ठणकतंय. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही, म्हणून लिहितेय. लांबेल, सवड असेल तेव्हा वाचा.

माझी एम.एस.डब्ल्यू.ची (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीची) एक विद्यार्थिनी गेले काही महिने एका पोलिस कार्यालयात खेटे घालतेय. विषय साधा आहे. ठाण्यात ज्या वस्तू 'गहाळ' म्हणून लिहिल्या जातात, त्यातल्या खरंच हरवलेल्या किती आणि चोरीला गेलेल्या किती, हे तिला तक्रारदारांना भेटून विचारायचंय. कुणाचं नाव छापणार नाही, तसं कॉलेजचं पत्रही दिलंय. आज अखेर साहेबांनी तिला आत बोलावलं, पत्र वाचलं, बाजूला सारलं आणि म्हणाले, "संशोधन करून तुला डिग्री मिळेल. आम्हाला काय फायदा? याने गुन्हे कमी होणारेत का? दुसरा विषय घे. वाहतूक जनजागृती घे."

पोरगी रडली नाही. पण "मॅडम, विषय बदलू का?" असं तिनं विचारलं आणि ते मला फार लागलं.

नाही बदलायचा.

या विषयावर मी एवढी का चिडते ते सांगते. मी बारावीत असताना एसटी स्टँडवर गाडीत चढताना माझ्या आईच्या गळ्यातलं गंठण कुणीतरी ओढलं. तिच्या मानेवर ओरखडा होता, मी पाहिलाय. आम्ही दोघी ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशी, ओढणारा तुम्ही डोळ्यांनी पाहिलात का?" आई म्हणाली, गर्दी होती, हात दिसला. "मग पडलंही असेल की. चोरी लिहिली तर पंचनामा आला, जबाब आला, कोर्टाच्या तारखा आल्या. गहाळ लिहितो, दाखला आत्ता हातात देतो." आईनं माझ्याकडे पाहिलं. मला काय कळत होतं? तिनं सही केली. सही ती नेहमी पूर्ण नावानं करायची.

तर साहेब, फायदा काय, हा तुमचा प्रश्न. तुमच्या जिल्ह्याच्या वर्षअखेरच्या पत्रकार परिषदेत जबरी चोऱ्या अमुक टक्क्यांनी घटल्या असं सांगितलं जातं, तेव्हा माझ्या आईची चोरी त्यात नसते. ती कुठेच नसते. ठाण्याच्या गुन्हे रजिस्टरला नाही, म्हणून जिल्ह्याच्या तक्त्यात नाही, म्हणून राज्याच्या अहवालात नाही, म्हणून दिल्लीला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या मोठ्या पुस्तकात नाही. तो विभाग 1986 पासून आहे, ते वार्षिक पुस्तक त्याच्याही आधीपासून, 1953 पासून निघतंय. त्यात मुळात तेवढंच येतं जेवढं ठाण्यानं लिहून घेतलं. त्यातही एका गुन्ह्यात अनेक कलमं लागली तर मोजताना सगळ्यात गंभीर तेवढं धरतात, बाकीची त्याखाली जातात. म्हणजे जे लिहिलंय तेही पूर्ण मोजलेलं नाही. आणि या आकड्यांवर आपण म्हणणार शहर सुरक्षित झालं, बंदोबस्त इथला काढा, तिथे लावा, कॅमेऱ्यांचं टेंडर काढा!

संशोधनाचं काम इथे सुरू होतं. जे रजिस्टरला आलं नाही त्याच्यापर्यंत जाणं. अमेरिकेत 1970च्या दशकापासून आणि ब्रिटनमध्ये 1980च्या दशकापासून घरोघर जाऊन लोकांना विचारतात, तुमच्यावर गेल्या वर्षी काय गुदरलं, पोलिसांकडे गेलात का, नसाल गेलात तर का नाही. मग ती माहिती पोलिसांच्या आकड्यांशेजारी ठेवतात. आपल्याकडे काही शहरांत खासगी संस्थांनी असे प्रयत्न केले, पण सरकारचं दरवर्षीचं, देशभराचं असं सर्वेक्षण नाही. एका पोरीला एका जिल्ह्यात ते छोट्या प्रमाणावर करायचंय, तर तिला रस्ता सुरक्षेचे फलक रंगवायला सांगतात.

गुन्हे दडपणं हे कुणा एका वाईट माणसाचं काम नाही, हेही लिहायला हवं. त्या ठाणे अंमलदारांनी आईला खुर्ची दिली होती. पाणी दिलं. तो माणूस कनवाळू होता, मला आजही तसंच वाटतं. पण महिन्याच्या क्राइम मीटिंगला त्याच्या साहेबाला वरचा साहेब विचारणार होता, तुमच्याकडे चोऱ्या का वाढल्या? चोरी लिहून घेतली की आकडा वाढतो, न सापडलेल्या गुन्ह्याचं ओझं राहतं, पुढे 'अ' समरी (गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही असा अहवाल) कोर्टात पाठवायची म्हणजे पुन्हा कागद. गहाळ लिहिलं की मामला तिथेच संपतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्या अधिकाऱ्यानं प्रामाणिकपणे सगळं लिहून घेतलं त्याच्या हद्दीत गुन्हेगारी बोकाळली, अशी बातमी दुसऱ्या दिवशी छापून येणार. गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ते राष्ट्रीय पुस्तकच सांगत आलंय. कोण वाचतं? आमदार वाचत नाहीत, पत्रकार वाचत नाहीत, आणि बदलीच्या याद्या बनवणारेही वाचत नसावेत.

कायदा तर केव्हाचा स्पष्ट आहे. ललिता कुमारी प्रकरणात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास करायच्या, गुन्ह्याची खबर आली की एफआयआर घ्यायचाच, त्यात मर्जीचा प्रश्न नाही. निकाल लागला, परिपत्रकं निघाली. ठाण्यात काय चालतं ते तुम्ही आठवून बघा. माझ्या मित्रयादीतल्या निम्म्या लोकांच्या कपाटात मोबाइलचा 'गहाळ' दाखला असेल. खिसा कापला गेला होता, हे तुम्हालाही माहीत होतं आणि लिहिणाऱ्यालाही.

(हो, सिम कार्ड परत घ्यायला तो दाखला पटकन मिळतो आणि लोकांनाही तेच सोयीचं वाटतं. मान्य.)

आता "याने काय होणार" म्हणणाऱ्यांसाठी राजस्थान. 2000च्या दशकात तिथल्या पोलिस दलानं अर्थशास्त्रज्ञांना दारं उघडली. 11 जिल्हे, 162 ठाणी. अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो होते, आणि नीना सिंह होत्या, ज्या स्वतः तिथल्या आयपीएस अधिकारी, पुढे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या. त्यांनी वेगवेगळ्या ठाण्यांत वेगवेगळे उपाय करून पाहिले. कुठे साप्ताहिक सुटी आणि ड्युटीची अदलाबदल, कुठे गावातला माणूस निरीक्षक म्हणून ठाण्यात बसवला, कुठे बदल्या थांबवल्या, कुठे तपासाचं आणि लोकांशी बोलण्याचं प्रशिक्षण. सुटी आणि निरीक्षक हे उपाय नीट राबवलेच गेले नाहीत, त्यांचा परिणामही दिसला नाही. प्रशिक्षणाचा दिसला, ज्यांच्यावर गुन्हा घडला होता ते लोक जास्त समाधानी होते. बदल्या थांबवल्याचाही काहीसा फायदा झाला.

आणि एक गोष्ट त्यांनी अशी केली की वाचताना मला आईच आठवली. त्यांनी ठाण्यांत बनावट फिर्यादी पाठवले. चोरी झाली म्हणून सांगायचं आणि लिहून घेतात का बघायचं. असा कुणीतरी येऊ शकतो हे ठाण्यांना कळलं आणि नोंद करून घेण्याचं प्रमाण सुधारलं. पगार वाढवला नाही, कायदा बदलला नाही. समोरची बाई कदाचित मोजणाऱ्यांपैकी असेल, एवढी शक्यता पुरली. माझ्या आईच्या वेळी त्या टेबलापलीकडे अशी शक्यता असती तर?

पुढे मध्य प्रदेशात 180 ठाण्यांत महिला मदत कक्षांचा असाच अभ्यास झाला. संदीप सुखठणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2022 साली प्रसिद्ध केला. कक्ष जिथे होते तिथे बायकांच्या तक्रारी जास्त नोंदवल्या गेल्या. तिथेही पोलिस दल सोबत होतं. म्हणजे साहेब, तुमच्याच खात्यातल्या लोकांना फायदा दिसला होता.

आता थोडी शांत झाले. चहा करून आले.

पोलिसांची बाजू मला कळत नाही असं समजू नका. आमच्या गल्लीतला एक हवालदार गणपतीच्या दहा दिवसांत घरी अंघोळीपुरता येतो. पोलिस दिवसाला सरासरी चौदा तास ड्युटी करतात, हे 2019 च्या एका देशव्यापी पाहणीत पुढे आलं. पण बघा, तेही कुणीतरी पोलिसांना जाऊन विचारलं म्हणूनच कळलं! त्यांची व्यथा मांडायलाही संशोधकच लागला. संशोधक दारात आला की शत्रू आला असं का वाटावं?

पूर्वी तसं वाटत नव्हतं निदान काहींना. के. एफ. रुस्तमजी, आपल्या नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले, जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या पोलिस सेवेतले, सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. राष्ट्रीय पोलिस आयोगाचे सदस्य असताना ते बिहारच्या तुरुंगांत गेले. खटला सुरूच न झालेली माणसं आत सडत होती, काही तर शिक्षा झाली असती तरी जेवढी वर्षं काढावी लागली नसती तेवढी काढून बसलेली. त्यांनी ते पाहिलं, टिपलं आणि वर्तमानपत्रात लिहिलं. त्या लेखांवरून पुष्पा कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि 1979 साली हुसैनारा खातून प्रकरणात जलद सुनावणी हा मूलभूत हक्काचाच भाग ठरला. हजारो माणसं सुटली. सुरुवात एका पोलिस अधिकाऱ्यानं तुरुंगात जाऊन "तू इथे किती वर्षं आहेस?" असं विचारण्यातून झाली. माझ्या लेखी तेच संशोधन. फक्त विभागाला शाबासकी द्यायला किंवा बजेट मागायला जे केलं जातं त्याला मी प्रचार म्हणेन.

याच आयोगाने असंही म्हटलं होतं की देशातल्या जवळजवळ 60 टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असतात. आज कच्च्या, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेल्या, कैद्यांचं प्रमाण बघा. 2022 अखेर देशाच्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती, त्यातली 4,34,302 कच्चे कैदी. चारात तीन! हे आकडे सरकारचेच आहेत. आकडा समोर असूनही हलत नाही म्हणून आकडा काढणंच बंद करायचं का?

आणि आता दुसरी बाजू, जी मला माझ्याच क्षेत्रातल्या लोकांना सांगायचीय. सोलापूर माझं आजोळ. तिथल्या सेटलमेंटच्या, म्हणजे 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना कोंडून ठेवायच्या वसाहतीच्या, गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्यात. तारेचं कुंपण, हजेरी, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. 1871 च्या कायद्यानं आख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, आणि त्यालाही 'अभ्यासा'चा आधार होता. 1908 साली केनेडी नावाच्या पोलिस अधिकाऱ्यानं मुंबई इलाख्यातल्या तथाकथित गुन्हेगार जातींची टिपणं छापली. कोण कसा दिसतो, काय नेसतो, कशी चोरी करतो. तेही माहिती गोळा करणंच होतं, पण हेतू माणसं ओळखून कुंपणात घालण्याचा होता. कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला. ठाण्यातल्या डोक्यांतून गेला का? 2003 साली नाशिक जिल्ह्यात झालेल्या एका भयंकर गुन्ह्यात भटक्या समाजातल्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख द्यायला सांगितलं. प्रत्यक्षदर्शी बाईनं सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंतून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं, त्यांचा तपासच झाला नाही. सोळा वर्षं गेली त्या माणसांची. एकीकडे माझ्या आईची चोरी लिहायला कुणी तयार नाही, दुसरीकडे या सहा जणांवर लिहिलेला गुन्हा कुणी तपासून बघत नाही.

म्हणून हेतू विचारलाच पाहिजे. नवं सॉफ्टवेअर 'कुठे गुन्हा होईल' सांगणार म्हणे. कोणत्या नोंदींवरून? ज्यात पारधी वस्तीवरची प्रत्येक धाड आहे आणि एसटी स्टँडवरचं गंठण नाही, त्याच नोंदींवरून?

आमच्यातले अनेक जण पेपर छापायचा, पदोन्नती घ्यायची आणि ठाण्याकडे पुन्हा ढुंकून बघायचं नाही असं करतात. खरं आहे, लाज वाटण्यासारखं आहे.

आईचं गंठण परत मिळालं नसतं. चोर सापडला नसता, बहुधा. पण तुम्हाला ठाऊक आहे का, त्या दाखल्यानं घरात काय केलं? आजीनं तो वाचून घेतला. गहाळ. त्यानंतर कितीतरी वर्षं, घरात काही सापडेनासं झालं की आजी म्हणायची, "हिला सोनं सांभाळता आलं नाही, भांडं काय सांभाळणार." वडीलही कधीतरी तेच बोलले. सरकारी कागदावर शिक्क्यासकट लिहिलेलं होतं ना. आई आधी सांगायची, ओढलं हो माझ्या गळ्यातून. मग सांगायची बंद झाली. आणि अलीकडे, आजारपणात, मला म्हणाली, "मीच नीट पिन लावली नव्हती बहुतेक." तिच्या मानेवरचा ओरखडा मी पाहिला होता! तिच्याच आठवणीतून चोर निघून गेला, दोष मात्र तिच्याकडे राहिला. साहेब, फायदा विचारता ना? अशा बायका किती, एवढं तरी आम्हाला मोजू द्या.

उद्या सकाळी मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतेय. दहा रुपयांचं तिकीट, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे दीडशे शब्दांच्या आत, एकच विषय: गेल्या पाच वर्षांत ठाणेनिहाय 'गहाळ' म्हणून नोंदवलेले मोबाइल आणि दागिने किती, आणि त्यातल्या किती नोंदी पुढे चोरीच्या गुन्ह्यात वर्ग झाल्या. उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जावर सही माझी असेल, पोरीची नाही. तिला अजून या जिल्ह्यात काम करायचंय. तुमच्या जिल्ह्यासाठी हाच मसुदा हवा असेल तर कमेंटमध्ये जिल्ह्याचं नाव लिहा, पाठवते.