यादी लावा, पण आमचं घरदार चव्हाट्यावर मांडू नका

संशोधनाच्या फेलोशिपसाठी निवड झालेल्यांची यादी लागली. उघडली तर नावापुढे जात, जन्मतारीख, विषय, गाइड, मोबाइल, घरचा पत्ता, बँक खातं आणि शेवटच्या रकान्यात अख्खा आधार क्रमांक! १२ च्या १२ आकडे. लॉगिन नाही, पासवर्ड नाही. गुगलवर माझं नाव टाका, पीडीएफ समोर.

कशासाठी? निवड झाली हे सांगायला अर्ज क्रमांक पुरत नाही?

तिसऱ्याच दिवशी शहाद्याच्या मैत्रिणीला फोन. "मॅडम, फेलोशिप मंजूर झाली, ओटीपी सांगा." समोरच्याला तिचा विषय माहीत, गाइडचं नाव माहीत, खातं कुठल्या शाखेत तेही माहीत. का नाही विश्वास बसणार? जिचा नंबर गावात चार घरांतही नव्हता, तिला आता रात्री अकराला अनोळखी माणसं फोन करतात. आणि पारावरचे आप्पा विचारतात, "काय वं, पैसा उनात का?" (पैसे आले का?)

आधार क्रमांक जाहीर करू नये, हे २०१६ च्या आधार कायद्यातच आहे. शेवटचे ४ आकडे दाखवणारं मास्क्ड आधार फुकट मिळतं. २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ ला डेटा संरक्षणाचा कायदा झाला. अजून काय यायचं राहिलंय?

यादी लावणाऱ्या कार्यालयाला जळगावहून तीन मेल केले. उत्तर आलं: "लेखी अर्ज द्या, सोबत आधारची झेरॉक्स जोडा." पुन्हा आधार!

यादी अजून तशीच आहे. काढा ती. आज काढा.