सर्व्हेच्या नोकरीसाठी पैसे भरू नका

"सोलापुरात मार्केट रिसर्चची थेट भरती, मुलाखत नाही, नोंदणी फी भरा, घरबसल्या पगार" हा मेसेज जुळे सोलापूरपासून अशोक चौकापर्यंतच्या ग्रुपांवर फिरतोय. तो खोटा आहे.

मी इथे मार्केट रिसर्चच्या, म्हणजे लोकांना प्रश्न विचारून त्यांची मतं गोळा करणाऱ्या सर्व्हेच्या टीम लावते, भरतीलाही बसते. प्रामाणिक संस्था उमेदवाराकडून फी किंवा डिपॉझिट घेत नाही. मुलाखत तर असतेच. उमेदवाराच्या हातात प्रश्नावली देऊन समोर आम्हीच गिऱ्हाईक होऊन बसतो, मुद्दाम तुटक उत्तरं देतो. प्रश्न लिहिलाय तसाच वाचतात का, नकळत उत्तर सुचवतात का, ते बघतो. शहराच्या पूर्व भागासाठी तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड येत असेल तर सोन्याहून पिवळं! बोलकी माणसं पुष्कळ येतात, नीट ऐकणारी कमी. मग ब्रीफिंग, म्हणजे काम समजावून सांगणं, आणि सुरुवातीला सुपरवायझर सोबत. काम बहुधा प्रोजेक्टपुरतं, पैसे मिळतात ते पूर्ण भरलेल्या फॉर्मच्या संख्येवर. काही घरी फोन करून फेरतपासणीही होते, खोटा फॉर्म सापडला की बाद.

पैसे भरले असतील तर संकोच करू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.