दोष ठेच्याला, गोळीला माफी

सांगलीला मावशीच्या जठरात अल्सर, म्हणजे आतली जखम, निघाला आणि घरात दोन तट पडले. एक म्हणतो, ठेचा आणि कांदा-लसूण मसाला आजपासून बंद. दुसरा म्हणतो, पिढ्यान्‌पिढ्या तांबडा रस्सा ओरपला, कुणाला काय झालं? मी ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून हे फोनवर ऐकते आणि दोघांचाही राग येतो. मावशी गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं रोज वेदनाशामक गोळी घेते, तीही बरेचदा उपाशीपोटी. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

जठरातल्या आम्लात जंतू तगूच शकत नाही, असं डॉक्टरमंडळी एके काळी धरून चालली होती. अल्सर म्हणजे ताण आणि तिखट, हीच समजूत. याच पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या डॉक्टरांनी १९८२ साली हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू प्रयोगशाळेत वाढवला. तरी लोकांना पटेना, म्हणून १९८४ साली मार्शल स्वतःच तो जंतू प्यायले. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. बहुतेक अल्सरांमागे हा जंतू असतो, नाहीतर काही प्रकारच्या वेदनाशामक गोळ्या.

मिरचीनं आग होते, कारण तिच्यातलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे, त्यांना तिखट सोसत नाही, त्यांनी हात आखडताच घ्यावा. पण आग होणं वेगळं आणि जखम होणं वेगळं.

इथं पोटाची तक्रार रेंगाळली की डॉक्टर बहुधा श्वासाची तपासणी लिहून देतात. युरिया असलेलं औषध घ्यायचं, थोडं थांबायचं, पिशवीत फुंकायचं. जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि ते श्वासात कळतं. आधी दोन आठवडे पित्ताच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर जंतू असूनही निसटतो. आपल्याकडे पॅन्टोप्राझोल या पित्ताच्याच गोळीची पट्टी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय येते आणि सकाळच्या चहाआधी वर्षानुवर्षं चालू राहते. इथंही सगळं आलबेल नाही: सरकारी रुग्णालयात एंडोस्कोपीसाठी, म्हणजे दुर्बिणीनं पोट तपासायला, महिनोन्‌महिने थांबावं लागतं, सांगलीत मावशीची लगेच झाली.

घरच्यांना माझं एवढंच सांगणं आहे. मावशीचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, जंतूची तपासणी झाली का? गुडघ्याच्या गोळीऐवजी दुसरं काय देता येईल? ठेच्याचं पुढं तिला सोसेल तसं ती ठरवेल.