पिको-फॉलच्या रांगेतले शीड

कापडाच्या बाबतीत सोलापूरकराला कोणी शहाणपण शिकवू नये. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, तेव्हापासून या गावाने सूत कातले, विणले, रंगवले आणि चादरी-टॉवेल दूरदूर पाठवले. परंतु माझ्या चिमुकल्या होडीचे फाटके शीड शिवून देणारा माणूस याच गावात शोधताना माझ्या चपला झिजल्या.

होडी उजनीच्या जलाशयावर असते. पाणी गोडे असल्यामुळे मिठाचा त्रास नाही, पण आमचे ऊन ती कसर व्याजासह भरून काढते. शिडाचे पॉलिएस्टर राळेच्या लेपाने इतके ताठ केलेले असते की शिवणीचा दोरा त्यात रुतत नाही, वरच उघडा राहतो आणि कापड धडधाकट असतानाच उन्हाने जळून तुटतो. माझ्या शिडाची मागची कड अशीच फडफडून उसवली होती, आणि तिच्याशेजारी तळहाताएवढे भोक पडले होते.

मंडपवाल्याने लग्नाची तारीख विचारली. ताडपत्रीवाल्याने माझे म्हणणे पुरते न ऐकताच चारही बाजूंनी पितळी रिंगा ठोकण्याची तयारी केली. माझ्या शिडाला तीनच बाजू आहेत, हे सांगेपर्यंत त्याने हातोडा उचललाही होता. शिंप्याकडे फक्त सरळ टाका होता. वाऱ्याने कापड ताणले की सरळ टाका तटकन तुटतो. त्याला नागमोडी टाकाच हवा, आणि तो मारणारे यंत्र असते साड्यांच्या पिको-फॉलच्या दुकानात.

यंत्रमागावर उभी हयात घालवलेले शेजारचे मामा सल्लागार म्हणून बरोबर आले. कापड चिमटीत धरून ते म्हणाले, “खळ लई दिलीय की ओ याला!” ठिगळाचा ताणा, म्हणजे उभे धागे, शिडाच्या ताण्याशी जुळलाच पाहिजे, तिरका ओढला की कापड ढिले पडते, हे त्यांनी होडीत पाऊल न ठेवता ओळखले. ठिगळाचे कोपरे गोल का कापायचे, हे मात्र मला त्यांना सांगावे लागले: टोकदार कोपरा आधी उचकटतो. मामांनी मान डोलावली. पटल्यामुळे की उन्हामुळे, ते कळले नाही.

दुकानातल्या ताईंनी शांतपणे विचारले, “फॉलपण लावायचा का?” लग्नसराई असल्यामुळे शीड नवरीच्या शालूंखाली आपल्या पाळीची वाट पाहत पडून राहिले. मी मुंबईहून मागवलेला, उन्हाला टिकणारा जाड दोरा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला, तरी जाड सुई चढवली. एवढे धूड यंत्राच्या कमानीतून जाईना, म्हणून ते दोन्हीकडून गुंडाळून एक टोक मामांनी दुकानात आणि दुसरे मी पदपथावर उभा राहून धरले. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांनी ‘हे काय भावाने?’ असे विचारून घेतले.

शिवण उत्तम झाली. पावतीवर ताईंनी लिहिले: ‘साडी, पांढरी, जाड. पिको. फॉल नको म्हणाले.’